बेने इस्रायल समाज : भारत व इस्रायलमधील जीवनमान

बेने इस्रायल हा मूळचा कोकणातील, मराठी मातृभाषा असलेला ज्यू समाज होय. १९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यानंतरच्या काही दशकांत या समाजातील बहुसंख्य कुटुंबे तेथे स्थायिक झाली. एकाच समाजाने, बहुधा एकाच कुटुंबाने, दोन्ही देशांत संसार केल्यामुळे भारत व इस्रायल येथील राहणीमानाची तुलना करण्यासाठी हे उदाहरण अभ्यासकांना महत्त्वाचे वाटत आले आहे. १९५२ मध्ये या समाजातील काही कुटुंबे आंदोलन करून भारतात परतली आणि त्यांतील बरीचशी पुढे पुन्हा इस्रायलला गेली. जीवनमान म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या घटनेने जितक्या स्पष्टपणे उभा केला तितका तो आकडेवारीने क्वचितच उभा राहतो.

पार्श्वभूमी

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगाव येथे जहाज फुटून किनाऱ्याला लागले; सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणात तेल गाळणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे. म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली आहेत. त्यांच्या सणांची जुनी नावेही मराठी आहेत: नवियाचा सण, खिरीचा सण, शिळा सण. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने केला जाणारा मलिदा हा विधी या समाजाचा खास विधी होय. एलियाहूच्या रथाची खूण ज्या खडकावर आहे असे मानतात, ते खंडाळे अलिबाग तालुक्यातले आहे. मावळातील घाटमाथ्यावरच्या खंडाळ्याशी त्याचा संबंध नाही.

अठराव्या शतकापासून ही कुटुंबे मुंबईकडे सरकू लागली. सॅम्युएल इझिकेल (समाजी हसाजी) दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल लोक बोलताना सिनेगॉगला ‘मशीद’ असेच म्हणत. ब्रिटिश अमदानीत हा समाज लष्कर, रेल्वे, टपाल, सरकारी कचेऱ्या, शाळा व रुग्णालये यांतील नोकऱ्यांत स्थिरावला. हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत सुरू झालेली इस्रायली शाळा ही पुढे सर एली कदूरी विद्यालय म्हणून ओळखली गेली. पुण्यात रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो हे सिनेगॉग या समाजाचे आहे. पुणे कॅम्पातील ‘लाल देऊळ’ मात्र डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने बांधविले. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी ‘हगादा’ या सणग्रंथाच्या चित्रांत स्त्रिया लुगडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. स्थलांतरापूर्वीचा हा समाज कसा होता, हे समजण्यास ती चित्रे पुरेशी आहेत.

तुलनेची मोजमापे आणि त्यांची मर्यादा

देशांच्या जीवनमानाची तुलना आज बहुधा मानव विकास निर्देशांकाने केली जाते. पाकिस्तानी अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांच्या नेतृत्वाखाली व अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने तयार झालेला हा निर्देशांक संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे १९९० पासून प्रसिद्ध होतो. आयुर्मान, शिक्षण व दरडोई उत्पन्न हे त्याचे तीन घटक होत. या मोजणीत इस्रायल ‘अतिउच्च’ गटात आणि भारत ‘मध्यम’ गटात मोडतो. १९५० च्या सुमारास अंतर याहूनही मोठे होते. भारतात १९४१ ते १९५१ या दशकात सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, तर इस्रायलच्या ज्यू लोकसंख्येत ते साठीच्या पलीकडे गेले होते. १९५१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती.

तथापि, या आकड्यांवरून बेने इस्रायल कुटुंबाचे भारतातील जीवन ठरविणे चुकीचे होईल. मुंबईत किंवा पुण्यात राहणारा, रेल्वेत वा टपाल कचेरीत कायम नोकरी असलेला, इंग्रजी चौथी-पाचवी तरी शिकलेला हा माणूस भारताच्या सरासरीच्या बराच वर होता. इस्रायलमध्ये पोहोचताच तो तेथील सरासरीच्या खाली गेला. देशाच्या सरासरीत झालेली वाढ आणि त्या माणसाच्या समाजातील स्थानात झालेली घसरण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. या विषयावरील बरेचसे गैरसमज या दोहोंपैकी एकच गोष्ट पाहिल्यामुळे निर्माण झाले आहेत.

स्थलांतराची कारणे

भारतात ज्यूंचा छळ झाल्याचा इतिहास नाही, ही बाब या समाजातील लोक आजही आवर्जून सांगतात. म्हणून युरोप किंवा अरब देशांतील ज्यूंप्रमाणे त्यांचे स्थलांतर जीव वाचविण्यासाठी नव्हते. १८९७ मध्ये बाझल येथे भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट अधिवेशनाचे निमंत्रण या समाजाने नाकारले होते. धार्मिक ओढ मात्र जुनी होती. प्रार्थनेत जेरुसलेमचे नाव पिढ्यान् पिढ्या येत होते. त्यात ब्रिटिश राजवट संपल्यावर सरकारी नोकऱ्यांतील आपले स्थान टिकेल काय ही शंका, मुलांच्या विवाहासाठी लहान समाजात स्थळे मिळण्याची अडचण आणि आधी गेलेल्या नातलगांची पत्रे यांची भर पडली. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने प्रत्येक ज्यू व्यक्तीस इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा अधिकार दिला. भारताने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इस्रायलला मान्यता दिली, तरी पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्येच प्रस्थापित झाले. मधल्या चार दशकांत मुंबईतील इस्रायली वाणिज्य दूतावास हाच दोन देशांमधील अधिकृत दुवा होता.

पहिली वर्षे

नव्या राष्ट्राने पहिल्या तीन-चार वर्षांतच आपली लोकसंख्या दुप्पट केली. अन्न, कपडे व सामानसुमान यांवर १९४९ पासून शिधावाटप लागू होते. येणाऱ्यांना प्रथम ‘माबारा’ नावाच्या तात्पुरत्या छावण्यांत, तंबूत किंवा पत्र्याच्या खोल्यांत ठेवले जाई. तेथून त्यांची रवानगी बहुधा दक्षिणेकडील नेगेव वाळवंटात होई. बीरशेबा हे त्यांचे पहिले मोठे केंद्र ठरले. पुढे दिमोना, येरुहाम, अश्दोद, अश्केलोन, किर्यत गात, लोद व रामला येथेही वस्त्या झाल्या.

कोकणचा पाऊस व मुंबईची दमट हवा सोडून आलेल्या माणसांना वाळवंटातील धूळ व हिवाळ्यातील थंडी जाचली, हे उघडच आहे. त्याहून मोठा धक्का कामाचा होता. कचेरीत कारकुनी करणाऱ्याला रस्ते बांधणे, झाडे लावणे, बांधकामावर राबणे अशी अंगमेहनतीची कामे मिळाली, कारण हिब्रू येत नसल्याने त्याच्या इंग्रजी शिक्षणाला बाजारात किंमत नव्हती. मुंबईत त्याच घरी धुणीभांडी करायला बाई येत असे. श्रमाला प्रतिष्ठा देणारी झायोनिस्ट विचारसरणी युरोपीय तरुणांनी पुस्तकांतून आत्मसात केली होती. बेने इस्रायल माणसाला ती कोणी आधी सांगितली नव्हती, आणि जेथे पांढरपेशी नोकरी हीच दोन पिढ्यांची कमाई होती तेथे ती सांगूनही पटली असती असे नाही.

परतीचे आंदोलन

१९५१ च्या अखेरीस बीरशेबा व आसपासच्या काही कुटुंबांनी तेल अवीव येथे ज्यूइश एजन्सीच्या कार्यालयासमोर ठाण मांडले. आपणांस भारतात परत पाठवावे ही त्यांची मागणी होती. काम, घर व शिधा यांच्या वाटपात रंगावरून भेदभाव होतो, अशी त्यांची तक्रार होती. हिंदी लोकांना काळा पाव व इतरांना पांढरा पाव दिला जातो, ही त्यांतील सर्वांत गाजलेली तक्रार. पावाच्या रंगाचा प्रश्न परक्याला क्षुल्लक वाटेल. पण शिध्याच्या रांगेत रोज उभे राहणाऱ्याला देशाने आपल्याला कोणत्या पायरीवर बसविले आहे, हे त्या पावावरूनच कळत होते. आंदोलकांनी उपोषणही केले.

सत्याग्रहाचे हे साधन त्यांनी भारतातूनच नेले होते, याची नोंद अनेक अभ्यासकांनी घेतली आहे. ज्या देशात सर्व ज्यूंना परत बोलाविले जात होते, तेथून ज्यूच बाहेर जाण्याची मागणी करीत होते. त्यामुळे प्रशासन पेचात पडले. अखेर १९५२ च्या वसंत ऋतूत एजन्सीने शंभरावर लोकांना विमानाने मुंबईस परत पाठविले.

परतल्यावर त्यांच्यातील अनेकांना भारतातही जुने आयुष्य सापडले नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यामुळे चाळींतील जुनी भाडी गोठली होती. ताबा सोडलेली खोली पुन्हा त्याच भाड्याने मिळणे जवळजवळ अशक्य होते, आणि पागडीची रक्कम या कुटुंबांच्या आवाक्यातील नव्हती. सोडलेली सरकारी नोकरीही परत मिळण्याजोगी नव्हती. यांतील बऱ्याच जणांनी थोड्याच काळात पुन्हा इस्रायलला जाण्याची विनंती केली व पुढील काही वर्षांत ते गेले. या येरझाऱ्यांकडे कधी चंचलपणा म्हणून, कधी एका देशाची दुसऱ्यावर मात म्हणून पाहिले गेले आहे. दोन्ही अर्थ वरवरचे आहेत. परत येणाऱ्यांनी तुलना आपल्या स्मरणातील मुंबईशी केली होती. प्रत्यक्षातील मुंबईत त्यांची जागा एव्हाना भरून गेली होती.

विवाहमान्यतेचा प्रश्न

१९६० च्या सुमारास पोटापाण्याचे प्रश्न बरेच सैल झाले असताना अधिक खोल स्वरूपाचा वाद उभा राहिला. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट धार्मिक न्यायालयांच्या अखत्यारीत येतात. नागरी विवाहाची सोय तेथे नाही. काही रब्बींनी बेने इस्रायल वधू-वरांचा इतर ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. शतकानुशतके मुख्य ज्यू परंपरेपासून दूर राहिल्यामुळे या समाजाला घटस्फोटाचे शास्त्रोक्त नियम ठाऊक नसावेत, म्हणून त्यांच्या वंशाच्या शुद्धतेबद्दल शंका घेण्यास जागा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुख्य रब्बी मंडळाने १९६१ मध्ये असे विवाह तत्त्वतः मान्य केले. परंतु १९६२ च्या निर्देशांत या समाजातील व्यक्तीच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे नमूद केले.

या निर्देशांत बेने इस्रायल समाजाचे नाव स्पष्टपणे घेतले होते, हीच बाब सर्वाधिक झोंबली. कोकणातील खेड्यांत जन्माची नोंद करण्याची रीत नव्हती, तेव्हा पणजीची आई कोण हे कागदाने सिद्ध करणे बहुतेकांना शक्य नव्हते. दोन वर्षे निवेदने व मोर्चे चालले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये कुटुंबेच्या कुटुंबे ठिय्या देऊन बसली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने हा प्रश्न संसदेसमोर नेला. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने खास बैठकीत बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असून त्यांना इतरांच्या बरोबरीचे हक्क आहेत, असे जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बी मंडळाने निर्देशांतून समाजाचे नाव वगळले.

भारतात या समाजाला कधीही ज्यूपण सिद्ध करावे लागले नव्हते, असे सरसकट म्हटले जाते. हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु मुंबईतील श्रीमंत बगदादी ज्यूंनी बेने इस्रायलांशी बेटीव्यवहार टाळला होता व दफनभूमीतही अंतर राखू पाहिले होते. स्वतः बेने इस्रायल समाजातही ‘गोरे’ व ‘काळे’ असे दोन गट होते, आणि गोरे गट काळ्यांशी विवाहसंबंध करीत नसे. कोकणातील जातिव्यवस्थेची ही छाया समाज सोबत घेऊनच गेला. इस्रायलमध्ये तो भेद अल्पावधीत जवळजवळ नाहीसा झाला, याची मात्र फारशी चर्चा होत नाही.

घर, काम आणि मिळकत

मुंबईच्या चाळीतील एक खोली व सामाईक नळ यांच्या तुलनेत दिमोना किंवा लोद येथील दोन-तीन खोल्यांचा सरकारी गाळा भौतिक दृष्ट्या निश्चितच सरस होता. स्वतंत्र न्हाणीघर, वीज व घरातील नळ ही सोय पुष्कळ कुटुंबांना प्रथमच मिळाली. स्त्रियांच्या जुन्या आठवणींत मात्र चाळीचा व्हरांडा पुन्हा पुन्हा येतो. तेथे दार दिवसभर उघडे असे, आणि दुखण्याखुपण्यात शेजारीण न बोलावता येई. नव्या वस्तीत शेजारचे कुटुंब मोरोक्कोचे वा रुमानियाचे असे व दोघींना एकमेकींची भाषा समजत नसे.

पुरुषांना मृत समुद्राकाठचे रासायनिक कारखाने, दिमोनातील कापड गिरणी आणि लोद येथील विमान उद्योग यांत कामे मिळाली. मुंबईतील परिचारिका व रेल्वे कार्यशाळेतील कारागीर यांना तुलनेने लवकर आपल्या धंद्यात शिरता आले, कारण त्यांचे कसब भाषेवर अवलंबून नव्हते. कारकून व शिक्षक यांची परवड अधिक झाली. विकास नगरे म्हणून वसविलेली ही गावे देशाच्या मध्यभागापासून दूर असल्याने तेथील वेतनमान व बढतीच्या संधी तेल अवीवच्या मानाने आजही कमी आहेत. त्यामुळे इस्रायलच्या दरडोई उत्पन्नाचा आकडा दिमोनातील कुटुंबाला तंतोतंत लावता येत नाही.

शिक्षण, आरोग्य व वार्धक्य

इस्रायलने १९४९ मध्येच सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण कायद्याने लागू केले. भारतात शिक्षण हक्क कायदा २०१० पासून अमलात आला. तरीही शिक्षणातील लाभ सरळ रेषेत झाला नाही. विकास नगरांतील शाळा दुय्यम दर्जाच्या होत्या, आणि तेथील मुलांना बहुधा तांत्रिक शिक्षणाकडे वळविले जाई. मुंबईत इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या बापाचा मुलगा हिब्रूत शिकून यंत्र-कारागीर झाला, अशी उदाहरणे पहिल्या पिढीत विपुल होती. विद्यापीठीय शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण तिसऱ्या पिढीत वाढले.

वार्धक्याच्या बाबतीत फरक ठळक आहे. इस्रायलमधील राष्ट्रीय विमा योजना १९५४ पासून सुरू झाली व तिच्यातून वृद्धांना निवृत्तिवेतन मिळू लागले. १९९५ पासून आरोग्य विमा सर्व रहिवाशांना लागू झाला. भारतात पेन्शन मुख्यतः सरकारी नोकरांपुरती राहिली आणि बाकीच्यांचे म्हातारपण मुलांवर सोपविले गेले. भारतात मागे राहिलेल्या वृद्धांची मुले इस्रायलला गेल्याने त्यांचा तोही आधार गेला. कोकणातील गावोगावच्या सिनेगॉगांत प्रार्थनेसाठी आवश्यक असलेले दहा पुरुष जमणे कठीण झाले, ते याच स्थलांतरामुळे.

सुरक्षितता

या बाबीत नेहमीच्या निर्देशांकांना फारसे काही सांगता येत नाही. इस्रायलमध्ये तरुण-तरुणींना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. १९५६, १९६७ व १९७३ च्या युद्धांत बेने इस्रायल तरुणही लढले. अश्केलोन, अश्दोद व बीरशेबा ही त्यांची मोठी केंद्रे गाझा पट्टीतून सुटणाऱ्या रॉकेटांच्या टप्प्यात येतात, आणि घरात सुरक्षित खोली असणे तेथे बांधकामाचा नियम बनले आहे. भारतात ज्यूंना शतकानुशतके भय नव्हते. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर परदेशातून आलेल्या अतिरेक्यांनी केलेला हल्ला हा त्याला अपवाद ठरला; त्यानंतर मुंबई व पुणे येथील सिनेगॉगांना पोलीस पहारा आला.

भाषा, आहार व भारताशी संबंध

इस्रायलमधील भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या सुमारे ८५,००० सांगितली जाते. त्यांत बेने इस्रायल बहुसंख्य आहेत. भारतात सर्व ज्यू समाज मिळून आता केवळ काही हजार लोक उरले असून त्यांतील अनेक जण मुंबई, ठाणे, पुणे व रायगड जिल्ह्यात राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

मांस व दूध एकत्र न शिजविण्याच्या धर्मनियमामुळे बेने इस्रायलांच्या रश्शात नारळाचे दूध घालण्याची पद्धत कोकणात रुजली. ती इस्रायलमध्येही टिकली आहे. मलिदा आणि नारळाच्या दुधातील चिकाचा हलवा तेथील घरांतून अद्याप केला जातो. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथून निघत आले आहे, आणि १९९६ मध्ये जागतिक मराठी परिषदेचे अधिवेशन इस्रायलमध्ये भरले होते. तेथे जन्मलेल्या पिढीला मराठी समजते, पण वाचता येत नाही. नातवंडांना बहुधा समजतही नाही.

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. त्याऐवजी असलेले परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड परकीय सैन्यात सेवा केलेल्यांना मिळण्यात अडचण येत असे. इस्रायलमध्ये ही सेवा सक्तीची असल्यामुळे या समाजातील जवळजवळ प्रत्येक तरुण त्यातून वगळला जाई. जुलै २०१७ मध्ये तेल अवीव येथील सभेत भारताच्या पंतप्रधानांनी सक्तीची लष्करी सेवा केलेल्यांनाही हे कार्ड देण्याची घोषणा केली.